रसद आणि रणांगण



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींचा मी विद्यार्थी. आयुष्यभर मराठीचे अध्यापन केले, बखरींच्या भाषेवर प्रबंध लिहून पीएच.डी. मिळवली, आणि आता पंचाहत्तरी ओलांडल्यावर शाळेने बोलावले म्हणून पुन्हा या व्यासपीठावर उभा आहे. विषय मात्र साहित्याचा निवडलेला नाही. सैन्याच्या रसदीचा इतिहास हा मराठीच्या प्राध्यापकाचा विषय कसा, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. या विषयाचे माझ्याकडे एक जुने देणे आहे, एवढेच उत्तर तूर्त देतो.

१९६१ सालचा डिसेंबर महिना. मी सहावीत होतो. आमची वाडी अनमोडकडे जाणाऱ्या रस्त्यालगत. त्या दिवसांत बेळगावकडून लष्करी मोटारी येऊ लागल्या आणि आम्हा पोरांचे अभ्यासातले लक्ष उडाले. गुरुजींनी आम्हाला रागे न भरता सरळ रस्त्याच्या कडेला नेऊन बसवले. आम्ही तोफा आणि बंदूकधारी जवान शोधत होतो. गुरुजींनी पाटीवर दोन रकाने आखायला सांगितले. एकात लढणाऱ्या माणसांच्या गाड्या मोजायच्या, दुसऱ्यात ताडपत्रीने झाकलेल्या सामानाच्या. दुपारपर्यंत दुसरा रकाना भरून पाटीची जागा संपली.

परतताना एका मुलाने विचारले, "गुरुजी, तुम्ही पण लढाईत होता ना? किती जपानी मारलेत?" गुरुजी म्हणाले, "एकही नाही. मी ब्रह्मदेशात खेचरे हाकली." आम्ही हसलो. सर्वांत मोठ्याने मी हसलो, आणि दुसऱ्या दिवशी त्यांना "खेचरवाले मास्तर" हे नाव पाडले तेही मीच. ते त्यांच्या कानावर गेलेच असणार. ते काही बोलले नाहीत. त्यांनी फळ्यावर एक गणित लिहिले.

एक खेचर ८० शेर धान्य वाहते. ते रोज ४ शेर दाणा खाते. ठाण्यापर्यंत जाऊन परत यायला १० दिवस लागतात. वाटेत चारा नाही. ठाण्यावर २०० माणसे आहेत, प्रत्येकाला रोज १ शेर धान्य लागते. त्यांना १० दिवसांचे धान्य पोचवायचे, तर खेचरे किती लागतील?

आम्ही सर्वांनी उत्तर काढले : २,००० शेर भागिले ८०, म्हणजे २५. गुरुजींनी वर्गातल्या प्रत्येकाला शून्य दिले. म्हणाले, "अरे, खेचर खाणार नाही का?" दहा दिवसांत खेचर ४० शेर स्वतःच खाते, ठाण्यावर पोचतात उरलेले ४०. म्हणून खेचरे लागतात ५०. मग त्यांनी विचारले, "ठाणे दुप्पट लांब असेल तर?" वीस दिवसांत खेचर ८० शेर खाणार, म्हणजे पाठीवरचे सगळेच. तेथे कितीही खेचरे धाडली तरी धान्याचा एक दाणाही पोचणार नाही.

मित्रहो, सैनिकी पुरवठ्याचे सारे शास्त्र या एका गणितात आहे. वाहणाराही खातो, आणि म्हणून प्रत्येक फौजेच्या हालचालीला एक अदृश्य वेस असते. जगातील पुष्कळ सेनापती त्या वेशीवर पराभूत झाले.

शब्दांची साक्ष

मी भाषेचा विद्यार्थी असल्याने आधी शब्दांकडे वळतो. रसद, शिधा, दाणागोटा, वैरण, कोठी, अंबारखाना, दारूखाना, पागा, बेगमी असे पुरवठ्याचे किती तरी शब्द मराठीत आहेत. यावरून या कामाची व्यवस्था आपल्याकडे जुनी आणि तपशीलवार होती, हे उघड होते. मराठी राज्यात अठरा कारखाने आणि बारा महाल मानले जात. त्या कारखान्यांतील बरेचसे पुरवठ्याचेच होते.

परंतु याच भाषेत "बुणगे" आणि "बाजारबुणगे" हेही शब्द आहेत. लष्कराबरोबर चालणारे वाणी, भटारी, घसारे, मोतद्दार, ओझेवाले आणि त्यांचे सामान म्हणजे बुणगे. आज आपण कुचकामी, लुडबुड्या माणसाला बाजारबुणगा म्हणतो. ज्यांच्या हातचे खाऊन फौज उभी राहिली, त्यांचे नाव भाषेने शिवीसारखे वापरावे, ही मोठी खेदाची गोष्ट आहे. मी सहावीत जे केले, ते आपल्या भाषेने शतकानुशतके केले आहे.

शिवकालीन दृष्टी

या बाबतीत शिवछत्रपतींची दृष्टी किती निराळी होती, याचा पुरावा म्हणजे राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूण परिसरातील छावणीच्या अधिकाऱ्यांना गेलेले त्यांचे प्रसिद्ध पत्र. घोडदळ तेथे पावसाळ्यासाठी राहणार होते. पत्राचा आशय असा, की साठवलेले धान्य आणि गवत आताच मनास येईल तसे उधळाल, तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी मरतील, आणि मग तुम्ही रयतेच्या घरातून दाणे, भाजी, गवत उचलू लागाल. तसे झाले तर रयतेला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील. रात्री दिवे जळते ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेतील आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इतका बारकावा त्यात आहे.

रयतेवर जुलूम करू नका, असा उपदेश अनेक राजांनी केला. हा राजा जुलमाचे कारण सांगतो. कोठी रिकामी झाली की शिस्तीचा शिपाईही लुटारू होतो, हे त्याने ओळखले होते. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले मानल्या जाणाऱ्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही गडाचा विचार करताना आधी पाण्याचा आणि साठ्याचा विचार येतो. आपल्या जोयडा तालुक्यातील माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. मृगापूर्वी तांदूळ, मीठ, सुकी मासळी, जळण यांची बेगमी केली नाही, तर ओढे भरल्यावर काय होते, हे आपल्या आजीला ठाऊक होते.

लमाणांचा तांडा

मोगल, मराठे, निजाम, हैदर, टिपू आणि इंग्रज हे एकमेकांचे शत्रू. पण या सर्वांच्या फौजांना धान्य पुरवणारे लोक एकच होते. ते म्हणजे लमाण, अर्थात वंजारी किंवा बंजारा व्यापारी. बैलांच्या पाठीवर गोणी लादून त्यांचे तांडे कुटुंबकबिल्यासह देशभर फिरत. किनाऱ्यावरचे मीठ घाटावर आणि घाटावरचे धान्य किनाऱ्यावर, हा त्यांचा शांततेच्या काळातील व्यवहार. युद्धाच्या काळात तेच तांडे छावणीच्या बाजारात धान्य आणीत.

गुरुजींच्या गणितातील अडचण लमाणांनी कशी सोडवली, हे पाहण्यासारखे आहे. त्यांचा बैल वाटेतल्या गवतावर जगे. पाठीवरच्या धान्याला तोंड लावीत नसे. म्हणून तांडा मंद चाले, दिवसाकाठी चार-पाच कोसांच्या वर जात नसे, परंतु त्याचा माल वाटेत संपत नसे. एक ढोबळ हिशेब करू. दहा हजार घोड्यांना रोज प्रत्येकी चार किलो दाणा धरला, तर ४० टन होतो. एक बैल सुमारे शंभर किलो वाहील असे धरले, तर केवळ घोड्यांच्या एका दिवसाच्या दाण्याला ४०० बैल हवेत. माणसांचे अन्न वेगळेच. तांड्यांना सर्व पक्ष अभय का देत, याचे उत्तर या आकड्यात आहे. लमाणाला लुटणारा सेनापती दुसऱ्या दिवशी उपाशी राहिला असता.

पानिपत

पुरवठ्याच्या दृष्टीने पाहिले म्हणजे पानिपतची कहाणी निराळी दिसते. मराठी फौजेचे मूळ बळ तिच्या हलकेपणात होते. दसऱ्याला निघावे, मुलूखगिरी करावी, पावसाळ्यापूर्वी परतावे, अशी ती रीत. १७६० साली सदाशिवरावभाऊ उत्तरेत गेले तेव्हा सोबत जड तोफखाना होता, आणि लढवय्यांखेरीज कुटुंबे, यात्रेकरू व बाजारकरी यांचा फार मोठा जमाव होता. नोव्हेंबरच्या आरंभापासून पानिपतास मोर्चे बांधून हे सारे लोक एका जागी अडकले. अब्दाली दक्षिणेच्या बाजूला होता. म्हणजे दिल्लीचा आणि देशाचा मार्ग तुटला. अब्दालीचा दाणागोटा तोडण्याची कामगिरी गोविंदपंत बुंदेले यांच्यावर होती. डिसेंबरमध्ये ते मारले गेले. त्यानंतर उपासमार वाढत गेली.

१४ जानेवारी १७६१ रोजी भाऊसाहेबांनी लढाई दिली. त्यांनी तो दिवस निवडला, असे म्हणणे तितकेसे बरोबर नाही. रिकाम्या कोठीने तो त्यांच्यावर लादला. अर्धपोटी घोडी आणि अर्धपोटी माणसे दुपारपर्यंत शर्थीने झुंजली. पानिपतच्या बखरी मी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना शिकवल्या. विश्वासराव, जनकोजी, इब्राहिमखान गारदी यांच्यावर वर्गात तास-तास बोललो. अन्नान्नदशेची वाक्ये मात्र पार्श्वभूमी म्हणून घाईने वाचून पुढे जात असे. आता वाटते, की शिकवण्याचा खरा भाग तोच होता.

वेलस्ली आणि आपला मुलूख

या प्रकरणाचा उत्तरार्ध आपल्याच परिसरात घडला. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यानंतर धोंडिया वाघाने या टापूत धामधूम मांडली. १८०० च्या जूनअखेरीस किट्टूरनजीक त्याच्याशी लढताना पेशव्यांचे सरदार धोंडोपंत गोखले पडले. धोंडियाचा पाठलाग कर्नल आर्थर वेलस्लीने केला आणि १० सप्टेंबर १८०० रोजी कोणगल येथे त्याचा शेवट झाला. त्या मोहिमेत वेलस्लीची खरी झुंज भर पावसातल्या नद्या, बैल आणि तांदूळ यांच्याशी होती. हे धडे तो विसरला नाही. १८०३ साली मराठ्यांवर चाल करताना त्याने लमाणांना पैसे देऊन बांधून घेतले, नद्या ओलांडण्यासाठी वेताच्या, कातडे मढवलेल्या गोल होड्या सिद्ध ठेवल्या, आणि १२ ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला घेऊन तेथे आपली कोठी केली. असईची लढाई २३ सप्टेंबरला झाली. तिची तयारी त्याआधी कित्येक महिने बैलांच्या गोठ्यात चालू होती. पुढे वॉटर्लूवर नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच.

कुटचा वेढा

इंग्रजांनी मात्र हा धडा पुढे गिरवला नाही. पहिल्या महायुद्धात पुण्याची सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियात गेली. तिच्यात १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. बसऱ्याच्या बंदरात धक्के अपुरे, नदीत बोटी अपुऱ्या, रुग्णवाहनांची सोय अपुरी. तरीही फौज बगदादच्या रोखाने पुढे ढकलली गेली. ७ डिसेंबर १९१५ रोजी कुट-अल-अमाराला वेढा पडला. शिधा घटत घटत मूठभर पिठावर आला, भाजीपाल्याअभावी माणसांना स्कर्व्ही झाली. घोडे मारून मांस वाटले गेले. अनेक हिंदी शिपायांना ते धर्मसंकोचामुळे बराच काळ घेववेना. विमानांतून पिठाची पोती टाकण्याचा, त्या काळी अभूतपूर्व असा, प्रयत्न झाला. तो पुरा पडला नाही. २९ एप्रिल १९१६ रोजी फौज शरण गेली आणि त्या बंदिवासातून असंख्य शिपाई परतले नाहीत. १९१७ च्या चौकशी आयोगाने वाहतूक आणि पुरवठ्याच्या अनास्थेवर कठोर ठपका ठेवला.

पुरवठा दलांची जडणघडण

आता आजच्या संघटनेकडे येऊ. आर्मी सर्व्हिस कोअर हे दल आपला स्थापनादिन ८ डिसेंबर हा मानते, आणि आपली परंपरा १७६० पर्यंत नेते. कंपनीच्या काळातील कमिसरिएट खात्यातून १९०१ मध्ये सप्लाय अँड ट्रान्सपोर्ट कोअर झाले, १९२३ मध्ये त्याला इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर हे नाव मिळाले, १९३५ मध्ये त्यामागे "रॉयल" लागले, आणि प्रजासत्ताक झाल्यावर १९५० मध्ये ते आर्मी सर्व्हिस कोअर झाले. "सेवा अस्माकं धर्मः" हे त्याचे ब्रीद. शिधा, इंधन, मोटारवाहतूक आणि जनावरांची वाहतूक हे त्याचे मुख्य काम. शस्त्रे, दारूगोळा, कपडे, सुटे भाग यांचा पुरवठा आर्मी ऑर्डनन्स कोअरकडे असतो. ते दल आपली परंपरा १७७५ च्या ऑर्डनन्स बोर्डाशी जोडते. मोडलेले दुरुस्त करण्यासाठी ई.एम.ई. हे तिसरे दल आहे.

ही माणसे लढत नाहीत, हा समजही खरा नाही. १९४० साली डंकर्कच्या किनाऱ्यावर हिंदी खेचरपथके होती. फेब्रुवारी १९४४ मध्ये अराकानात जपान्यांनी सातव्या हिंदी डिव्हिजनच्या कोठीच्या तळालाच वेढा घातला. त्या तळावर कारकून, स्वयंपाकी, खेचरवाले आणि भांडारवाले होते. त्यांनीही बंदुका उचलल्या, विमानांतून पडलेल्या शिध्यावर तग धरला, आणि तळ पडला नाही. त्याच मोहिमांत शत्रूच्या मुलखात नेलेल्या कित्येक खेचरांचा कंठ शस्त्रक्रियेने बंद केला होता, ओरडून ठावठिकाणा कळू नये म्हणून. गुरुजी क्वचित बोलत, तेव्हा त्या मुक्या जनावरांविषयीच बोलत.

अनमोडच्या घाटात

आता पुन्हा १९६१ च्या त्या रस्त्याकडे येतो. गोव्याशी आपला पुरवठ्याचा संबंध जुना. १८८८ मध्ये मुरगाव ते कॅसलरॉक रेल्वे सुरू झाली आणि आपल्या तालुक्यातील एक लहानसे स्टेशन सरहद्दीचे नाके बनले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रहींच्या काही तुकड्या कॅसलरॉककडूनही गोव्यात शिरल्या. गोळीबारानंतर हा रेल्वेमार्ग बंद झाला. म्हणजे नाकेबंदी हीदेखील पुरवठ्याचीच एक लढाई आहे, हे आपल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिले.

ऑपरेशन विजयची जुळवाजुळव डिसेंबरच्या आरंभी सुरू झाली. मेजर जनरल कँडेथ यांच्या सतराव्या डिव्हिजनचा तळ बेळगाव येथे पडला. १८ डिसेंबरला ५० पॅराशूट ब्रिगेड उत्तरेकडून आणि ६३ इन्फंट्री ब्रिगेड आपल्या अनमोडकडून गोव्यात उतरली. घाट उतरून दुसरी बिहार आणि तिसरी शीख या पलटणी मोले येथे पोचल्या व तेथून फोंड्याच्या रोखाने निघाल्या. वाटेत प्रतिकार जवळजवळ नव्हता. खोळंबा झाला तो पोर्तुगीजांनी उडवून दिलेल्या पुलांमुळे. बोरीचा पूल नव्हता, तरीही चौथ्या शीख पलटणीने जुवारी पार केली. १९ डिसेंबरला पोर्तुगीज गव्हर्नर शरण आला.

पलीकडच्या बाजूची एक कथा सांगितली जाते. पोर्तुगीज फौजेने रणगाडाविरोधी गोळे मागवताना सांकेतिक शब्द म्हणून मांसाच्या सुकवलेल्या कांडीचे, म्हणजे शोरिसांचे नाव वापरले. लिस्बनने विमानातून खरोखरीचे शोरिस धाडले. कथेत तिखटमीठ किती हा भाग सोडा. हजारो कोसांवरून, मधले सर्व मार्ग तुटलेले असताना फौज जगवता येत नाही, हे तिचे तात्पर्य खोटे नाही. गुरुजींचे दुप्पट लांबीचे ठाणे ते हेच.

समारोप

त्यानंतर पुष्कळ पाणी वाहून गेले. आपले जुने सुपे गाव काळी नदीवरील धरणाच्या जलाशयात गेले, तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. या भागातील मुले आजही फौजेत जातात. कुणी रजेवर आला की आपण विचारतो, "सीमेवर असतोस का?" तो भांडारात किंवा मोटारीवर आहे असे कळले की आपला चेहरा किंचित उतरतो. त्याला ते दिसते. कृपा करून हे थांबवावे, एवढीच माझी आपल्याला विनंती आहे.

आता माझे देणे. "खेचरवाले मास्तर" हे नाव मी पाडले, हे गुरुजींच्या हयातीत मी त्यांना कधी सांगितले नाही. त्यांची क्षमा मागायची राहून गेली. आज या सभेत, त्यांच्या तसबिरीसमोर, ती मागतो.

या व्याख्यानाच्या तयारीसाठी मी ते जुने गणित पुन्हा मांडले, आणि साठ वर्षांनंतर माझ्या ध्यानात आले, की ५० हे उत्तरही चूक आहे. आम्ही खेचराचे खाणे धरले. खेचर हाकणारा माणूस कुणीच धरला नाही. दोन खेचरांमागे एक माणूस आणि त्याला रोज एक शेर धरला, तर खेचरे ५८ लागतात, आणि हाकणारे २९. स्वतः खेचरे हाकलेल्या माणसाच्या नजरेतून हे सुटले असेल, असे मला वाटत नाही. आमच्यापैकी कुणाला तरी तो माणूस आठवतो का, याची ते बहुधा वाट पाहत होते.